एका पेराचं अंतर : फ्रीस्टाइल पोहणाऱ्याची कारकीर्द शतांश सेकंदात का मोजतात?

भाताला पाणी किती घालायचं हे आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत बोटानेच मोजतात. तांदळावर बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी. ते पेर साधारण दोन-सव्वादोन सेंटिमीटरचं. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ब्राँझपदक तेवढ्याच अंतराने गेलं. पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत जपानचा शुनिची नाकाओ २२.४६ सेकंदांत भिंतीला पोहोचला आणि वीरधवल २२.४७ सेकंदांत. फरक एक शतांश सेकंद.

अशी बातमी आली की घरोघरी दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली, "एवढ्याशा फरकाला काय अर्थ आहे? दोघांनाही द्यायचं पदक!" दुसरी जरा खवचट असते, "आपले लोक दरवेळी थोडक्यातच कसे हुकतात?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच हिशेबात आहेत. तो हिशेब एकदा कळला की पोहणाऱ्याची पंधरा वर्षं कशात जातात, हेही कळतं.

फ्रीस्टाइलमध्ये 'फ्री' काय असतं?

कोल्हापूरकराला फ्रीस्टाइल म्हटलं की आधी कुस्ती आठवणार. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिकमधलं ब्राँझ फ्रीस्टाइल कुस्तीतलंच. पाण्यातली फ्रीस्टाइल वेगळी. तिचा अर्थ इतकाच, की तुम्हाला हवं तसं पोहा. ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय आणि बॅकस्ट्रोक या तीन प्रकारांत हातपाय कसे हलवायचे याचे नियम आहेत आणि चुकलात तर बाद. फ्रीस्टाइलमध्ये विहिरीत पोरं मारतात तसे कुत्र्यासारखे हात मारत गेलात तरी पंच काही बोलणार नाहीत. मोजक्या अटी आहेत. प्रत्येक फेरीच्या शेवटी अंगाचा कुठला तरी भाग भिंतीला लागला पाहिजे, आणि उडी मारल्यावर किंवा वळल्यावर पाण्याखालून १५ मीटरपेक्षा जास्त जायचं नाही.

तरी जगात सगळे एकाच पद्धतीने पोहतात. पोट खाली, हात आळीपाळीने डोक्यावरून पुढे, पाय सतत हलते. ही पद्धत म्हणजे क्रॉल. कारण सरळ आहे, याहून वेगवान पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये अंग गर्दीतल्या रिक्षासारखं जातं, हिसका, मग मंद, पुन्हा हिसका. क्रॉलमध्ये एक हात हवेत असताना दुसरा पाण्यात ओढतच असतो, त्यामुळे वेग फारसा पडत नाही.

गंमत अशी की १८४४ मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी लंडनमध्ये असे हात फिरवत पोहून दाखवलं, तेव्हा तिथल्या सभ्य मंडळींना हा पाणी उडवण्याचा प्रकार रानटी वाटला होता. ब्रेस्टस्ट्रोक कसा घरंदाज!

ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलच्या वैयक्तिक शर्यती ५० मीटरपासून १५०० मीटरपर्यंत आहेत. ५० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये उशिरा, १९८८ च्या सोलपासून कायमची आली. ५० मीटर लांबीच्या तलावाला 'लाँग कोर्स' म्हणतात. म्हणजे ही शर्यत एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. वळायचं नाही, मागे पाहायचं नाही.

पाण्याचा भाव कसा चढतो

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पाहिलेला प्रत्येकजण हे शास्त्र शिकलेला आहे. तळहात वाऱ्याला सपाट धरला की वारा तो मागे ढकलतो. आडवा, सुरीसारखा धरला की हात वाऱ्यातून कापत जातो. गाडीने वेग घेतला की तोच वारा अचानक दांडगट होतो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट आहे. हवेत गंमत वाटणारी गोष्ट पाण्यात भिंत होऊन उभी राहते.

पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला तर विरोध चौपट. त्यात दर सेकंदाला अंतरही दुप्पट कापायचं असल्याने लागणारी शक्ती साधारण आठपट होते. छोट्या प्रमाणात सांगायचं तर वेग १ टक्क्याने वाढवायचा असेल तर शक्ती ३ टक्क्यांनी वाढवावी लागते. २२.४३ सेकंदांत ५० मीटर पोहणाऱ्याला २२.०१ वर यायचं असेल, तर कागदावर फरक अर्ध्या सेकंदाहूनही कमी आहे. पण वेग जवळजवळ २ टक्क्यांनी वाढवायचा आहे, म्हणजे शक्ती सुमारे ६ टक्क्यांनी. आधीच वर्षानुवर्षं घासून तयार केलेल्या शरीरातून आणखी ६ टक्के! नवशिका पोरगा एका उन्हाळ्यात पाच सेकंद कमी करतो, म्हणून आईवडिलांना वाटतं की पुढच्या उन्हाळ्यात आणखी पाच होतील. तसं होत नाही. जितकं खाली जावं तितका शतांश महाग होत जातो.

यातून सुटायची दुसरी वाट म्हणजे जोर वाढवण्याऐवजी विरोध कमी करायचा. चांगले प्रशिक्षक निम्मा वेळ यातच घालवतात. डोकं किती खाली, कंबर किती वर, हात पाण्यात शिरताना बोटं कशी. मी लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत शिकलो. भोपळ्याने जीव वाचतो हे खरं, पण पाय खाली लोंबकळायची जी सवय लागते ती जन्मभर जात नाही. शर्यतीत लोंबकळते पाय म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवणं.

बावीस सेकंदांत नेमकं काय घडतं?

आवाज होतो आणि पाय ब्लॉक, म्हणजे उडी मारायचा ओटा, सोडतात, यातच सुमारे सहा-सात दशांश सेकंद जातात. मग सूर. अख्ख्या शर्यतीत पोहणाऱ्याचा सर्वांत जास्त वेग याच क्षणी असतो, कारण तो अजून हवेत आहे. पाण्यात शिरल्यावर तो वेग जितका टिकवता येईल तितका टिकवायचा. हात डोक्यापुढे जोडलेले, माशाच्या शेपटीसारखे पाय. मग वर येऊन नुसते हात आणि किक. श्वास एकदा घ्यायचा किंवा घ्यायचाच नाही, कारण श्वासासाठी मान वळवली की अंगाची रेघ मोडते.

पहिल्या आठ-दहा सेकंदांचं इंधन स्नायूंत आधीच साठवलेलं असतं, घरून आणलेल्या डब्यासारखं. ते संपलं की स्नायू प्राणवायूची वाट न पाहता साखर जाळायला लागतात. ते काम भरभर होतं, पण त्याची किंमत शेवटच्या १५ मीटरमध्ये मोजावी लागते. हात शिशाचे होतात. त्या अवस्थेत हाताची फेक तितकीच लांब ठेवणं, ही या शर्यतीची खरी परीक्षा.

शेवटी भिंत. तिथे टचपॅड असतो, म्हणजे दाब पडताच घड्याळ थांबवणारी पट्टी. इथे घड्याळ पोहणारा स्वतः थांबवतो. हात पूर्ण लांब झालेला असताना भिंत आली तर उत्तम. भिंत अर्ध्या हातावर राहिली तर पंचाईत, तरंगत जायचं की आणखी एक घाईचा हात मारायचा? २००८ च्या बीजिंगमध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये सर्बियाचा मिलोराद चाविच तरंगत गेला, मायकल फेल्प्सने एक छोटा अर्धा हात जास्त मारला आणि एक शतांशाने सुवर्ण नेलं. निर्णय घ्यायला वेळच नसतो. म्हणून तो निर्णय सरावात हजारो वेळा आधीच घेऊन ठेवलेला असतो.

"एक शतांश म्हणजे नशीबच की!"

हा आक्षेप रास्त आहे, आणि पोहण्याच्या नियमांनी तो अर्धा मान्यही केलेला आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत (चारही प्रकार एकाच शर्यतीत) स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मकी या दोघांचीही वेळ ४ मिनिटं ३१.९८ सेकंद आली. मग हजारांश काढले, ३१.९८१ आणि ३१.९८३, आणि सुवर्ण लार्सनला दिलं. दोन हजारांश सेकंद म्हणजे त्या शर्यतीच्या वेगाने जेमतेम तीन मिलिमीटर. पुढे लोकांच्या लक्षात आलं की दोन शेजारच्या लेनच्या लांबीत बांधकामामुळेच तेवढा फरक असू शकतो. गवंड्याच्या थापीने पदक ठरायला नको, म्हणून नियम बदलला. तेव्हापासून शतांशापर्यंतच मोजतात, आणि तिथे बरोबरी झाली तर दोघांनाही पदक. सिडनी २००० मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल यांनी २१.९८ वर वाटून घेतलं.

म्हणजे शतांश ही मुद्दाम आखलेली रेघ आहे. त्याच्या खालचं नशीब, त्याच्या वरचं तुमचं. जकार्तात वीरधवलने शर्यत संपवली त्या वेगाने एका शतांशात अंग २.२ सेंटिमीटर पुढे जातं. तेच आपलं पेर.

तरी मला विचाराल तर त्या दिवशीची सलणारी गोष्ट तो एक शतांश नाहीच. प्राथमिक फेरीत वीरधवल २२.४३ मध्ये पोहला होता, नवा राष्ट्रीय विक्रम. तेच टायमिंग अंतिम फेरीत आलं असतं तर ब्राँझ त्याचं होतं. म्हणून दिवसात दोनदा सर्वोत्तम पोहणं हे वेगळं कौशल्य मानतात. मोठ्या संघांतले लोक सकाळी हातचं राखून पोहतात. ज्याला अंतिम फेरी गाठण्यासाठीच सगळं ओतावं लागतं, त्याला ती चैन परवडत नाही.

मग ऑलिंपिकला कोण जातं?

पोहण्यात निवड समितीला कोण आवडतं याला फार महत्त्व नसतं. जागतिक संघटना प्रत्येक शर्यतीसाठी पात्रतेची दोन टायमिंगं जाहीर करते. बोलीभाषेत त्यांना 'ए कट' आणि 'बी कट' म्हणतात. ए कट गाठला तर थेट प्रवेश. बी कट गाठला तर रांगेत उभे राहा, जागा उरल्या तर बोलावू. याशिवाय ज्या देशाचं कोणीच या मार्गाने पात्र होत नाही, त्याला एक पुरुष आणि एक महिला पाठवायची सवलत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचे श्रीहरी नटराज आणि १४ वर्षांची धिनिधी देसिंघू याच वाटेने गेले. धिनिधीची शर्यत होती २०० मीटर फ्रीस्टाइल.

टोकियो ऑलिंपिकसाठी पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचा ए कट २२.०१ होता, बी कट २२.६७. वीरधवलचं २२.४३ या दोहोंच्या मधे पडतं. पॅरिससाठी ए कट २१.९६ झाला आणि बी कट थेट २२.०७. म्हणजे एका ऑलिंपिकच्या मापाने जो आकडा रांगेत उभा राहू शकला असता, तो पुढच्या ऑलिंपिकच्या मापाने दाराबाहेर. उलट मागे गेलो तर १९८८ च्या सोलमध्ये मॅट बियोंडी २२.१४ मध्ये जिंकला होता, आणि ब्राँझ गेलं होतं २२.७१ ला. वीरधवलचं जकार्तातलं कुठलंही टायमिंग तिथे पदक घेऊन आलं असतं. पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाचा कॅमरन मॅकेव्हॉय २१.२५ मध्ये जिंकला. तुम्ही जागेवर राहिलात तरी मागे पडता, कारण पलीकडचा काठच सरकतोय.

कोणत्याही भारतीयाने ए कट गाठला तो २०२१ मध्ये पहिल्यांदा. साजन प्रकाशने २०० मीटर बटरफ्लायमध्ये, आणि पाठोपाठ श्रीहरी नटराजने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये. दोघांपैकी एकाचीही ती शर्यत फ्रीस्टाइलची नव्हती.

"एवढा समुद्र, नद्या, विहिरी असून आपल्याकडे पोहणारे का नाहीत?"

पोहणारे भरपूर आहेत. कोकणातला पोरगा भरतीच्या पाण्यात तासभर सहज काढेल, घाटावरचा विहिरीच्या काठावरून मुटका मारून अख्ख्या गावाला भिजवेल. पण पाण्यात न बुडणं आणि पाण्यात शर्यत करणं यांचं नातं चालणं आणि १०० मीटर धावणं यांच्याइतकंच आहे. विहिरीत टचपॅड नसतो, तळाला काळी रेघ नसते, ब्लॉक नसतो. २२ सेकंदांतला शतांश शोधायचा तर आधी तो मोजता आला पाहिजे.

दुसरी अडचण लांबीची. आपल्या शहरांतले बरेच तलाव २५ मीटरचे. त्यात ५० मीटर पोहायचं तर मधे एकदा वळावं लागतं, आणि भिंतीला लाथ मारून निघताना फुकटचा वेग मिळतो. म्हणून २५ मीटरच्या तलावातलं टायमिंग नेहमी बरं दिसतं. सोसायटीच्या स्पर्धेतला आकडा घेऊन राष्ट्रीय विक्रमाशी ताडून पाहणारे पालक इथेच फसतात. तिसरी अडचण थंडी. पाणी तापवायची सोय नसलेल्या टँकमध्ये डिसेंबरच्या पहाटे पाच वाजता दोन तास सराव करून पाहा, मग बोलू.

आणि पोहणाऱ्याला पाण्यापासून दूर राहणं फार महाग पडतं. धावपटू बंद दाराआड गच्चीवर तरी पळेल. पाण्याची पकड, म्हणजे तळहाताला लागणारा तो भरीव दाब, तलावाबाहेर टिकवता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत बाकीच्या खेळांना हळूहळू मुभा मिळत असताना तलाव बंदच होते. तेव्हा वीरधवलने जाहीरपणे म्हटलं होतं की असंच राहिलं तर निवृत्तीचा विचार करावा लागेल. अनेकांना तो त्रागा वाटला. हिशेब माहीत असलेल्यांना वाटला नाही.

नऊ वर्षांत नऊ शतांश

आता वीरधवलची कारकीर्द सलग पाहू. जन्म २९ ऑगस्ट १९९१, कोल्हापूर. २००८ ला बीजिंगमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरला तेव्हा १६ वर्षांचा होता. सतरावा वाढदिवस ऑलिंपिक संपल्यावर पाच दिवसांनी आला. पुढच्या वर्षी ५० मीटरमध्ये २२.५२. सराव बंगळुरूला, निहार अमीन यांच्याकडे. २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ. भारताला आशियाई स्पर्धेत पोहण्याचं पदक मिळालं ते खजान सिंग यांच्या १९८६ च्या रौप्यानंतर, तब्बल २४ वर्षांनी. सुवर्ण पाहायचं तर आणखी मागे, १९५१ च्या दिल्लीला जावं लागतं. सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये जिंकलेलं, आशियाई स्पर्धांतलं भारताचं पहिलंच सुवर्ण.

२०११ ला अर्जुन पुरस्कार. आणि महाराष्ट्र शासनात तहसीलदाराची नोकरी. इथे वाचक म्हणेल, हे तर चांगलंच झालं! खेळाडू म्हणून विचाराल तर प्रश्न वेगळा आहे. पोहण्यात पैसा नाही, लीग नाही, पदक आयुष्यभर पोसत नाही. नोकरी नाकारावी असं कुठला शहाणा माणूस सांगेल? पण तहसीलदाराचा दिवस आणि २२ सेकंदवाल्याचा दिवस एकाच चोवीस तासांत मावत नाहीत. विशीतली ऐन वर्षं अशी गेली, पोहणं मागे पडलं, आणि मग तो परत आला.

परत येऊन त्याने काय केलं? २२.५२ चे २२.४३ केले. ९ शतांश. बातमीत ही ओळ वाचून पुढे जायला आपल्याला एक सेकंदही लागत नाही. त्यात आणखी एक बारकावा आहे. २००८-०९ हा पाण्यातल्या 'सुपरसूट'चा काळ होता. अंग आवळून धरणारे, पाण्यावर तरंगवणारे ते पोशाख इतके प्रभावी होते की २००९ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले. १ जानेवारी २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. ब्राझीलच्या सेझार सिएलोचा डिसेंबर २००९ मधला ५० मीटरचा २०.९१ हा विश्वविक्रम पॅरिस ऑलिंपिकमध्येही कोणाला मोडता आला नाही. म्हणून जाणकार त्या वर्षांतल्या टायमिंगांशी नंतरची टायमिंगं ताडताना हात राखून बोलतात. कंबर ते गुडघ्यापर्यंतच्या साध्या कापडी पोशाखात, मधे काही वर्षं फाइलींमध्ये काढून, सत्ताविशीच्या उंबरठ्यावर १७-१८ व्या वर्षीचा आपलाच आकडा मागे टाकणं याला मी तरी मोठी गोष्ट मानतो. पदक असतं तर सगळ्यांनीच मानली असती.

"पण पोहणं हा पोरासोरांचाच खेळ ना?"

लांब पल्ल्यात तसं वाटायला जागा आहे. केटी लेडेकीने ८०० मीटर फ्रीस्टाइलचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण २०१२ ला १५ व्या वर्षी जिंकलं. पण तिनेच त्याच शर्यतीतलं चौथं सुवर्ण पॅरिसमध्ये २७ व्या वर्षी जिंकलं. ५० मीटरला तर ताकद लागते आणि ती उशिरा भरते. मॅकेव्हॉय जिंकला तेव्हा ३० वर्षांचा होता. सिडनीत सुवर्ण वाटून घेतलेल्या अर्विनने १६ वर्षांनी, ३५ व्या वर्षी, रिओमध्ये तीच शर्यत पुन्हा जिंकली. २१.४०, आणि दुसरा आलेला फ्लोराँ मानादू २१.४१. पुन्हा एक पेर.

म्हणजे शरीर तिशीपर्यंत साथ देतं. आपल्याकडे थांबते ती फी, रजा, घरच्यांची सबुरी. दहावी आली की तलाव सुटतो, बारावीला उरलेले सुटतात, आणि ताकद भरायच्या वयात पाण्यात मोजकेच उरतात.

वीरधवल ३२ व्या वर्षापर्यंत उरला. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं आणि निवृत्ती जाहीर केली. महिलांची ५० मीटर फ्रीस्टाइलही तिथेच झाली. तिचं सुवर्ण घेतलं ऋजुता खाडे यांनी, म्हणजे त्याच्या पत्नीने.